चाकाचा शुक्रवार

सकाळी दहा

समुद्राकडून खारा वारा सुटलाय आणि न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडचं वंडर व्हील रिकामंच फिरतंय. आत एकही माणूस नाही. चोवीस डबे आहेत, त्यांतले सोळा आपापल्या रुळांवरून घरंगळतात, टोकाला जाऊन दणकन थांबतात, डोलतात, पुन्हा घरंगळतात. सर्फ अ‍ॅव्हेन्यूवरची दुकानं अजून अर्ध्या शटरावर आहेत. पार्क उघडायच्या आधीची ही चाचणीची वेळ, आणि आम्ही मुद्दाम तेवढ्यासाठी लवकर आलोय.

अण्णा, म्हणजे माझे सासरे, कुंपणाशी उभे राहिले ते आधी ऐकायला. चष्मा काढून खिशात ठेवला, मान खाली घातली. परळच्या रेल्वे वर्कशॉपात त्यांची सगळी नोकरी फिटर म्हणून गेली. मशीन डोळ्यांनी नंतर बघायचं, आधी कानाने, ही तिथली शिकवण. दोन-तीन फेऱ्या झाल्यावर म्हणाले, "अगं, हा जो खडखडाट आहे ना, तो डब्यांचा. तो होणारच. मधल्या कण्याचा आवाज येतोय का सांग."

मला नाही आला.

"नाहीच येत. चांगलं ठेवलंय."

आम्ही राहतो क्वीन्समध्ये, जॅक्सन हाइट्सला. तिथून एफ गाडी पकडली की ती थेट इथे, स्टिलवेल अ‍ॅव्हेन्यूच्या शेवटच्या स्टेशनात आणून सोडते. हे टर्मिनस १९१९-२० मध्ये उभं राहिलं. त्याआधी समुद्रावरची हवा खायला येणं शहरातल्या कामगाराला महाग पडायचं. भुयारी रेल्वे पाच सेंटांत इथवर यायला लागली आणि सुट्टीच्या दिवशी लाखांनी माणूस लोटू लागला. त्याच हंगामात, १९२० च्या मे महिन्याच्या अखेरीस, हे चाक सुरू झालं. गाडीने माणसं आणली आणि चाकाने ती उचलून वर नेली, असा तो हिशोब.

अकरा

तिकिटाची खिडकी उघडते. पार्कात शिरायला पैसे पडत नाहीत, ज्यात बसाल त्याचंच तिकीट. चाकाखाली दोन रांगा लागतात, एक हलत्या डब्यांची आणि दुसरी स्थिर डब्यांची. पांढरे आठ डबे धावेवरच, म्हणजे चाकाच्या बाहेरच्या कडेवर, टांगलेले आहेत, ते साध्या पाळण्यासारखे वर जाऊन खाली येतात. लाल आणि निळे सोळा डबे ते रुळांवरचे. लहान मुलं आईचा हात ओढत लाल डब्यांच्या रांगेकडे धावतात आणि आया त्यांना पांढऱ्यांकडे ओढतात. ही ओढाताण रात्रीपर्यंत चालणार आहे.

चाकाचा आराखडा चार्ल्स हरमन यांचा. १९१८ ते १९२० अशी दोन वर्षं बांधणी चालली. पोलाद बेथलहेम स्टीलचं, एकूण वजन २०० टन, उंची १५० फूट. एका डब्यात सहा जण, म्हणजे भरलेलं चाक एका वेळी १४४ माणसं घेऊन फिरतं. मी हे आकडे सांगते आणि अण्णा ते आपल्या वहीत उतरवून घेतात. त्यांना आकडा ऐकून पुरत नाही, लिहावा लागतो.

आधी पांढऱ्या डब्यात बसतो. दाराशी उभा असलेला मुलगा वीस-बावीस वर्षांचा असेल. तो दार लावतो, खिट्टी पाडतो, मग जाळीला धरून दार दोनदा स्वतःकडे ओढून बघतो आणि त्यानंतरच हात वर करून पलीकडच्याला खूण देतो. अण्णांनी त्याच्या हाताकडे टक लावून पाहिलं. आमच्या पुढच्या डब्याशीही त्याने तेच केलं, मागच्याशीही तेच. दिवसभरात शेकडो वेळा एकच काम करताना माणसाचा हात आळसावतो, आणि अपघात होतात ते तिथे. हा मुलगा सकाळच्या पहिल्या डब्याला जसा ओढत होता तसाच रात्रीच्या शेवटच्या डब्यालाही ओढताना मी नंतर पाहिला.

डबे भरायची रीत अण्णांच्या लगेच लक्षात आली. ओळीने सगळे भरत नाहीत. एका बाजूला थोडे भरले की चाक फिरवून समोरच्या बाजूचे भरतात. "आपल्या जत्रेतला पाळणेवाला हेच करतो," अण्णा म्हणाले. त्यांच्या लहानपणी गावच्या जत्रेत लाकडी पाळणा यायचा. वर चढून, दांड्याला लोंबकळून, स्वतःच्या वजनाने तो फिरवणारी माणसं त्यांनी पाहिली आहेत. तिथे तोल चुकला तर फिरवणाऱ्याचे खांदे निखळायचे, म्हणून एका पाळण्यात चार बसवले की समोरच्यात चार बसवल्याशिवाय तो हलायचा नाही.

वरून दिसतं ते असं: दक्षिणेला नुसता अटलांटिक. उत्तरेला ब्रुकलिनची मैलोगणती छपरं आणि त्यांच्या मागे धुरकट मॅनहॅटन. पूर्वेला अगदी पायाशी १९२७ सालचा सायक्लोन, लाकडी मार्गावरचा रोलरकोस्टर. पश्चिमेला पॅराशूट जंपचा २५० फुटी लोखंडी मनोरा. तो मूळचा १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनातला. १९४१ मध्ये इथे आणून उभा केला, १९६० च्या दशकानंतर त्यावरून कुणी उडी मारलेली नाही. रंगवलेला आहे, रात्री दिव्यांनी उजळतो, पण थांबलेला आहे. चाक आणि तो मनोरा एकाच नजरेत बसतात, आणि मला या दोघांतला फरक फार महत्त्वाचा वाटतो. दोन्हींना शहराने वारसावास्तूचा दर्जा दिलाय. त्यातलं एक अजून पोटापाण्याचं काम करतंय.

दीड

बोर्डवॉकवरच्या बाकावर जेवण. दशम्या, लसणाची चटणी, कांदा. पलीकडे स्टिलवेलच्या कोपऱ्यावर नेथन्सच्या खिडकीशी हॉटडॉगची रांग लागलीये. १९१६ साली नेथन हँडवर्करने तिथे पाच सेंटांना हॉटडॉग विकायला सुरुवात केली तेव्हा हे चाक नव्हतं.

जे होतं त्यातलं बरंचसं आज नाही. ड्रीमलँड १९११ मध्ये जळालं. लुना पार्क १९४४ च्या आगीत गेलं. (आज त्याच नावाचा पार्क शेजारी आहे, तो अलीकडचा.) जॉर्ज टिल्यूचं स्टीपलचेस १८९७ ला उघडलं, १९६४ ला बंद झालं. शिकागोच्या १८९३ च्या प्रदर्शनात जॉर्ज फेरिसचं पहिलं अवाढव्य चाक टिल्यूने पाहिलं होतं. २६४ फूट उंच, ३६ डबे, एका डब्यात साठ माणसं. ते विकत मिळालं नाही म्हणून त्याने लहान चाक करवून घेतलं आणि कोनी आयलंडला आणलं. फेरिसचं मूळ चाक १९०६ मध्ये सुरुंग लावून पाडलं. म्हणजे ज्याने हा प्रकार सुरू केला त्याचं चाक जेमतेम तेरा वर्षं जगलं.

तीन

आता लाल डबा. दारावरच्या मुलाने अण्णांच्या वयाकडे बघून विचारलं, नक्की ना? अण्णांनी मान डोलावली आणि जाळी दोन्ही हातांनी धरून बसले.

हे चाक कसं चालतं ते इथे नीट सांगायला हवं, कारण गंमत सगळी त्यातच आहे. हलत्या डब्यांचे रूळ वळणदार आहेत. त्यांचं एक टोक धावेकडे, दुसरं आत तुंब्याकडे. खाली माणसं चढतात तेव्हा डबा धावेच्या टोकाला असतो. चाक वर निघालं की रुळाचा कल बदलत जातो. एका जागी आतलं टोक बाहेरच्यापेक्षा खाली येतं आणि डबा स्वतःच्या वजनाने आत घसरतो. माथ्यावर तो आतच असतो, त्यामुळे लाल डब्यातला माणूस पांढऱ्यातल्यापेक्षा थोडा खालीच राहतो. मग उतार सुरू होतो, रुळाचा कल उलटा होतो, बाहेरचं टोक झुकतं, आणि अख्खा डबा सहा माणसांसकट मोकळ्या हवेच्या दिशेने सुटतो. समोर फक्त जाळी आणि आभाळ. टोकाला पोचून तो थांबतो, आपण मात्र थांबत नाही. पोट पुढे जातं, मग मागे येतं, डबा झुलत राहतो.

मोटारीने हे काहीच केलेलं नसतं. मोटार फक्त चाक सावकाश फिरवते. छातीत जे धस्स होतं ते निव्वळ गुरुत्वाकर्षणाचं काम.

पहिल्यांदा डबा सुटला तेव्हा मी किंचाळले. अण्णांनी डोळे मिटले नाहीत. ते वर, रुळावरच्या चाकांकडे बघत होते. खाली येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. उतरल्यावर मात्र तिथल्या तिथे वही काढली आणि रेघोट्या मारत मला समजावू लागले. उतरत्या बाजूचे डबे बाहेर सरकलेले, चढत्या बाजूचे आत. म्हणजे उतरती बाजू जड. मग माणसाला वाटतं की हे चाक एकदा ढकललं की आपलं आपण फिरत राहील.

हे वाटणं जुनं आहे, आणि आपल्याकडचं आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास सिद्धान्तशिरोमणीत असंच एक स्वयंवह यंत्र सांगितलंय. चाकाच्या आऱ्या पोकळ, वाकड्या, त्यांत अर्धा पारा भरलेला. पारा एका बाजूला धावेकडे सरकेल, दुसऱ्या बाजूला आत, आणि चाक फिरत राहील. भास्कराचार्यांच्या घराण्याची हकीकत सांगणारा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे, ही माहिती मी अण्णांना दिली. तीही वहीत गेली. प्रत्यक्षात असं चाक थांबतंच. जितकं वजन खाली येतं तितकंच पुन्हा वर न्यावं लागतं, आणि घर्षण आपला वाटा आधी काढून घेतं. पण साडेआठशे वर्षांपूर्वी पोथीत मांडलेली हालचाल लोखंडात, माणसं बसवून, रोज चालताना पाहायची असेल तर ती इथे दिसते. मला हे चाक त्यासाठीही मोलाचं वाटतं.

"मोटार किती एचपीची?" अण्णांनी विचारलं.

चाळीस.

ते थबकले. दोनशे टन लोखंड आणि वर दीडशे माणसं, त्याला चाळीस? मग हसले. "म्हणजे तोल पक्का आहे. तोल असला की जोर लागत नाही."

पाच

उन्हं तापलीयेत. चाकाच्या सावलीत उभं राहिलं की आरे एकामागून एक अंगावरून सरकत जातात. रांगेत ब्रायटन बीचवरून आलेल्या रशियन आज्या, स्पॅनिश बोलणारं मोठं खटलं, चिनी जोडपं, बांगला बोलणारी पोरं. अण्णांना आता लोकांत रस नाही, त्यांना प्रश्न पडलाय. "लाइट गेली तर वरची माणसं खाली कशी आणायची?"

ते एकदा घडलंय. १३ जुलै १९७७ ला रात्री साडेनऊच्या सुमारास जवळजवळ सगळ्या न्यूयॉर्क शहराची वीज गेली. चाकात माणसं होती. तेव्हाच्या मालकांनी हाताने चाक फिरवून एकेक डबा खाली आणला आणि माणसं उतरवली. त्या रात्री शहरात ठिकठिकाणी दुकानं फुटली, आगी लागल्या. इथे मात्र काही माणसं अंधारात उभी राहून दोनशे टनांचं चाक हातांनी ओढत होती, आणि ते येत होतं. अण्णांना यात चमत्कार वाटला नाही, समाधान वाटलं. दुपारी त्यांनी वहीत लिहिलेल्या तोलाची ती परीक्षा होती आणि चाक तीत उतरलं होतं.

चाक आज ज्या घराण्याकडे आहे त्यांची कथा इथला प्रत्येक जण सांगतो, आणि ती खरी आहे. डिनोस व्हुर्डेरिस ग्रीसमधून आलेला, गाडीवर हॉटडॉग विकणारा तरुण. लग्नाची मागणी घालताना त्याने लूलाला वचन दिलं की एक दिवस हे चाक मी तुझ्यासाठी विकत घेईन. १९८३ मध्ये त्याने ते अडीच लाख डॉलर्सना घेतलं. तेव्हा कोनी आयलंडची रया गेलेली होती, धंद्याचा माणूस इथे पैसा टाकत नव्हता. त्याने चाक दुरुस्त केलं, रंगवलं, मुलांना त्यातलं एकेक काम शिकवलं. १९८९ मध्ये शहराने त्याला वारसावास्तू जाहीर केलं. डिनोस १९९४ मध्ये गेला, आणि पुढची पिढी चाक सांभाळते आहे.

या कथेतलं प्रेम सगळ्यांना आठवतं. मला त्याच्या पुढची वर्षं जास्त मोठी वाटतात. वचन पुरं करायला एक सही पुरते. त्यानंतर समुद्राच्या तोंडावर उभ्या असलेल्या लोखंडाचा गंज दर हिवाळ्यात खरवडायचा, रंग द्यायचा, ग्रीस भरायचं, नट तपासायचे, आणि हे दरवर्षी करायचं. मुंबईत समुद्राकाठी राहिलेल्या माणसाला खारी हवा खिडकीच्या गजाचं काय करते ते सांगावं लागत नाही.

हंगाम परंपरेने सुरू होतो पाम संडेला, ईस्टरच्या आधीच्या रविवारी. त्या दिवशी इथे पाळण्यांना आशीर्वाद द्यायला धर्मगुरू येतात. हे ऐकून अण्णा एकदम खुलले. परळला खंडेनवमीला लेथ, ड्रिल, शेपर सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचे हार असायचे, त्या दिवशी कुणी पान्ह्याला हात लावायचा नाही. पूजेच्या आदल्या दिवशी मशीन लख्ख पुसायचं, खरी पूजा ती, असं त्यांचं म्हणणं. आशीर्वादाबरोबर सरकारी तपासणीही आहेच. न्यूयॉर्क शहरात लिफ्ट तपासणारा इमारत विभागच हे पाळणेही तपासतो. माणूस वर नेणं आणि सुखरूप खाली आणणं, काम एकच.

साडेआठ

सूर्य स्टेटन आयलंडच्या बाजूला उतरतोय. आता रांगा दुप्पट झाल्यात. दिवसभर कचेरीत बसलेली माणसं आली आहेत, गळ्यातली ओळखपत्रं अजून तशीच. चाकाच्या मधोमध निऑनची अक्षरं पेटतात.

याच किनाऱ्यावर २९ ऑक्टोबर २०१२ ला सॅंडी वादळाने समुद्र आत आणला. पार्कभर खारं पाणी भरलं, यंत्रांची वीजजोडणी बुडाली. चाक जागचं हललं नाही. पाण्यात बुडालेल्या मोटारी, स्विचबोर्ड, केबल यांचं काय होतं हे अण्णांना २६ जुलैच्या महापुरानंतर मुंबईत पाहून माहीत आहे. सगळं उघडायचं, गोड्या पाण्याने धुवायचं, वाळवायचं, आणि जे गेलं ते बदलायचं. पुढच्या वसंतात पार्क उघडलं. २०२० मध्ये मात्र चाकाच्या शंभराव्या वर्षीच कोविडमुळे ते हंगामभर बंद राहिलं. ९ एप्रिल २०२१ ला पुन्हा फिरलं. शंभरी एक वर्ष उशिरा साजरी झाली, झाली हे महत्त्वाचं.

पावणेदहा

उन्हाळ्यात शुक्रवारी रात्री इथे समुद्रावर आतषबाजी असते. त्या सुमारास वर असावं म्हणून सगळ्यांचीच धडपड चाललीये. आम्हाला मिळाला तो पांढरा डबा, आणि माथ्याच्या जरा अलीकडे चाक थांबलं. खाली कुणी चढत होतं. पहिला बाण फुटला तो आमच्या डोळ्यांच्या पातळीत. इतकी वर्षं फटाके मान वर करून पाहिले, इथे ते समोरून बघता येतात. दारूचा वास वाऱ्याबरोबर जाळीतून आत आला. शेजारच्या लाल डब्यातली पोरं ओरडत होती, त्यांचा डबा अजून झुलायचा थांबला नव्हता. अण्णा माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "तुझ्या सासूबाईंना आणायला हवं होतं." त्या गेल्याला आता बरीच वर्षं झाली. मी म्हटलं, "हो अण्णा." चाक पुन्हा हललं.

बारा

शेवटची माणसं उतरतात. मग दारावरचे दोघे एकेक डबा खाली घेऊन दार उघडतात, बाकाखाली टॉर्च मारतात. टोपी, पाण्याची बाटली, बाळाचा एक मोजा निघतो. अण्णांनी कुंपणाबाहेरून चोवीस डबे त्यांच्याबरोबर मोजले. सकाळी जो मुलगा दारावर होता तो आता ढिला होऊन खांबाला टेकलाय, पण शेवटच्या डब्याचं दार लावल्यावर त्याने ते ओढून पाहिलंच. अण्णांनी त्याला हात केला. त्यानेही केला.

एफ गाडीत अण्णांनी फोन काढला. वर्कशॉपमधल्या जुन्या मंडळींचा व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप आहे, मुंबईत तेव्हा सकाळ झालेली असते. त्यांनी चाकाचा फोटो टाकला आणि खाली वहीतले आकडे एका बोटाने टाइप केले. १९२०. दीडशे फूट. दोनशे टन. चोवीस डबे. मोटारीचा आकडा लिहायचा राहिला होता. डोंबिवलीच्या एका मित्राचं उत्तर मिनिटाभरात आलं.

"मोटार किती एचपीची?"

अण्णांनी 'चाळीस' लिहिलं, पाठवलं, आणि पलीकडून कोण काय म्हणतंय ते वाचत बसले. किंग्ज हायवे येईपर्यंत ग्रुपवर बेअरिंगवरून वाद सुरू झाला होता.